शुक्रवारची जोडी

माझ्या मोठ्या जाऊबाई तीन वेळा विधानसभेवर निवडून गेल्या. चौथ्या वेळी पक्षाने त्यांना तिकीट दिलं नाही, आणि का दिलं नाही याची एक गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना तोंडपाठ आहे. बाईंना कामगार बायकांपेक्षा स्वतःचा शब्द मोठा वाटला, अशी ती गोष्ट. सांगणारे मान हलवत सांगतात, ऐकणारे मान हलवत ऐकतात. ती गोष्ट खोटी आहे. मी बारा वर्षं त्यांच्या ऑफिसात होते आणि त्या शुक्रवारीही मीच होते, म्हणून काय घडलं ते लिहून ठेवते.

मला राजकारणाची आवड तेव्हाही नव्हती, आजही नाही. आधी मी एका दवाखान्यात केसपेपर लिहायचे. डॉक्टर म्हातारे झाले, दवाखान्याला टाळं लागलं आणि मी घरी बसले. त्याच सुमारास जाऊबाईंचा कारकून प्रतिस्पर्ध्यांना कागद पुरवताना सापडला. आता बाहेरचं माणूस नको, घरचं कोणी तरी हवं, असं त्या म्हणाल्या आणि थोरल्या दिरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. घरात स्वयंपाकघर एकच. सकाळी मी भाजी जाड चिरते म्हणून त्या मला बोलायच्या, आणि अकरा वाजता मी त्यांच्या पत्रातल्या चुकांवर लाल पेनाने गोल काढून सूड उगवायचे. मला राग लवकर येतो. माझा नवरा म्हणतो, हिच्या नाकावर माशी बसायला घाबरते.

जाऊबाई मूळच्या शिवणकामवाल्या. लग्नाआधीपासून एका कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसत. पहिल्या मजल्यावर एक लांब खोली, चाळीस बायका, टोकाला इस्त्रीचं टेबल, आणि दाराला बाहेरून कुलूप. तयार शर्ट बायका अंगाला गुंडाळून बाहेर नेतील, अशी मालकाला भीती. किल्ली रखवालदाराकडे. एक दिवस दुपारी इस्त्रीची वायर पेटली, खोलीत काळा धूर झाला, आणि रखवालदार दाढी करायला गेला होता. अठरा मिनिटांनी आला. तोवर बायकांनी शिलाईच्या खुर्च्यांनी खिडकी फोडली होती, पण जाऊबाईंच्या शेजारच्या मशीनवर बसणारीला दम्याचा त्रास होता. तिला जिन्यावर आणेपर्यंत ती संपली. तिची नऊ वर्षांची मुलगी त्या वेळी शाळेत होती. चौकशी झाली, अहवाल आला आणि मालकाने कुलूप बदललं. नवीन कुलूप आधीच्यापेक्षा मजबूत होतं.

तिथून जाऊबाई संघटनेत आल्या, संघटनेतून पक्षात आणि पक्षातून विधानसभेत. वाटेत कोणी हार घालून बोलावलं नाही. पहिली दोन वर्षं त्या सभागृहात विरोधी बाजूच्या मागच्या बाकावर बसायच्या आणि पुढच्या माणसाच्या टकलाकडे बघत नियमांचं पुस्तक पाठ करायच्या. मग एके दिवशी उठल्या आणि एक विधेयक आणलं. दीड पानाचं. ज्या खोलीत माणसं काम करत असतील तिचं दार, ती माणसं आत असेपर्यंत, आतून नुसत्या हाताने उघडलं पाहिजे. एवढंच. बाकी एक पान दंड कोणाला आणि किती, याचं होतं. त्या दिवसापासून सगळं सभागृह त्यांना किल्लीबाई म्हणू लागलं.

सरकारने आणलेली विधेयकं हव्या त्या दिवशी येतात. साध्या सदस्याने आणलेल्या विधेयकाला महिन्यातून एक शुक्रवार, तोही जेवणानंतरचा, आणि त्यातही चिठ्ठी निघाली तर. जाऊबाईंची चिठ्ठी अकरा वर्षांत दोनदा निघाली. पहिल्यांदा दुसऱ्याच कशावरून तरी गोंधळ झाला आणि बैठक उधळली. दुसऱ्यांदा विधानसभाच बरखास्त झाली. जाऊबाईंनी दोन्ही वेळा तेच दीड पान पुन्हा टाइप करायला माझ्याकडे दिलं. तारीख सोडून त्यात काही बदलत नसे, तरी त्या दर वेळी ते पुन्हा वाचून घ्यायच्या.

त्या मेलेल्या बाईची मुलगी मोठी झाली आणि त्याच कारखान्यात, त्याच खोलीत कामाला लागली. जाऊबाईंनी तिला दुसरीकडे लावून देते म्हणून खूप सांगितलं. घराजवळचं काम आहे, असं ती म्हणायची. दर शनिवारी ऑफिसात यायची, जाऊबाईंना मावशी म्हणायची, आणि माझ्या टेबलावरची बिस्किटं न विचारता खायची. येताना एकच प्रश्न विचारायची, "मावशी, चिठ्ठी निघाली?"

आता मास्तर. सरकारी बाकावरचे सर्वांत जुने आमदार, पूर्वीचे शाळामास्तर. दर वेळी जाऊबाईंच्या विधेयकाला विरोध करायला तेच उभे राहायचे. असे कायदे केले तर कारखाने शेजारच्या राज्यात पळून जातील, हा त्यांचा ठरलेला मुद्दा. पण कामगार समितीत दोघं नऊ वर्षं शेजारी शेजारी बसले होते. मास्तर जाऊबाईंची वाक्यं दुरुस्त करायचे, जाऊबाई त्यांना गोळ्यांची वेळ झाली म्हणून आठवण करायच्या. सभागृहात एकमेकांचे वाभाडे काढायचे आणि बाहेर आल्यावर एकाच टेबलावर चहा घ्यायचे. मला मास्तर कधीच आवडले नाहीत. ते मला "छोट्या बाई" म्हणायचे.

त्या सोमवारी सकाळी सरकारी पक्षाचा प्रतोद, म्हणजे मतदानाला माणसं गोळा करणारा, आमच्या खोलीत आला. मास्तरांच्या हृदयाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. आठवडाभर ते मतदानाला नसणार. जाऊबाई त्यांच्याशी जोडी लावतील का, असं त्याने विचारलं.

जोडी ही आमच्या सभागृहाची जुनी रीत. नियमांच्या पुस्तकात ती नाही. एका बाजूचा सदस्य आजारी पडला की दुसऱ्या बाजूचा एक जण आपणहून मत देत नाही, म्हणजे तराजू तिथल्या तिथे राहतो. सही नाही, कागद नाही. नुसतं हो म्हणायचं. आणि माझ्या माहितीत जोडी मोडलेले दोनच लोक होते. त्यांच्याशी पुढे चहाच्या टेबलावर कोणी बसत नसे.

"आठवडाभर?" जाऊबाईंनी विचारलं.

"शुक्रवार संध्याकाळपर्यंत."

"ठीक आहे. मास्तरांना सांगा, डॉक्टरांना शिकवू नका म्हणावं."

बुधवारी संध्याकाळी चिठ्ठ्या निघाल्या. शुक्रवारचं पहिलं विधेयक, किल्लीबाईंचं.

आमच्या पक्षाचा प्रतोद जिना धावत चढून आला. अंगाने जाड माणूस, दारात उभा राहून आधी नुसता धापा टाकत राहिला. मग म्हणाला, "बाई, जोडी गेली उडत. स्वतःच्या विधेयकावर कोणी जोडी पाळतं का?"

"सोमवारी हो म्हणताना, माझं विधेयक सोडून, असं मी म्हणाले नव्हते."

"अहो, तेव्हा कोणाला माहीत होतं!"

"मलाही नव्हतं. म्हणून काय झालं?"

त्याने कपाळाला हात लावला. मग कागद काढून मोजायला बसला. शुक्रवारी दुपारी निम्मं सभागृह रिकामं असतं. सरकारी बाकांवरचे, कापड-कारखाने असलेल्या गावांचे पाच जण आमच्या बाजूने येणार होते, कारण त्यांच्या मतदारांत बायका जास्त. त्याच्या हिशेबाने जाऊबाई सोडून चव्वेचाळीस विरुद्ध एक्केचाळीस. "तीनचं अंतर आहे," तो म्हणाला. "तुमच्यावाचूनही होईल. पण मला हे आवडलेलं नाही."

तो गेल्यावर मी म्हटलं, "जाऊबाई, मास्तरांना एक फोन करा ना. सांगा, मला मोकळं करा. ते काय नाही म्हणणार आहेत?"

"नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच विचारायचं नाही. काल छाती उघडली त्यांची. शुद्धीवर येतायत तोच मी फोन करून म्हणू, मला सोडा?"

"मग मी करते."

"तू अजिबात करायचा नाहीस."

तर मी केला नाही. एवढं मात्र खरं.

शुक्रवारी साडेबारा वाजता फोन आला. जाऊबाई खाली वाचनालयात दंडाच्या कलमांची उजळणी करत होत्या. खोलीत मी एकटीच, समोर गॅलरीच्या पासांची चळत, कारण कारखान्यातल्या सहा जणी अर्धी रजा टाकून बघायला येणार होत्या. फोनवर मास्तरांची मुलगी होती.

"बाबांना बाईंशी दोन मिनिटं बोलायचंय. आजच्या मतदानाबद्दल. ती जोडी आहे ना, त्याबद्दल."

माझं डोकं एकदम सटकलं. मला वाटलं, बघा, छातीला टाके घातलेत तरी या माणसाचा जीव मतदानात अडकलाय. किल्लीबाई आपल्या विधेयकासाठी शब्द फिरवतील की काय, म्हणून खुंटा हलवून बघतोय. ज्या बाईने त्याच्या दुखण्यासाठी स्वतःच्या अकरा वर्षांवर पाणी सोडायची तयारी ठेवली, तिच्यावर हा संशय!

"बाबांना सांगा," मी म्हटलं, "काळजी करू नका. आमच्या जाऊबाई दिलेला शब्द मोडत नाहीत. विधेयक स्वतःचं असलं तरी नाही."

"नाही हो, ते म्हणतायत की—"

"काय म्हणतायत ते कळलं मला. त्यांना म्हणावं, स्वस्थ पडून राहा. शब्द दिलाय म्हणजे दिलाय." आणि मी फोन ठेवला.

मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मी खिडकीशी जाऊन पाणी प्यायले. जाऊबाई वर आल्या तेव्हा मी त्यांना काही सांगितलं नाही. भाषणाआधी त्यांचं मन कशाला दुखवायचं, असा विचार केला. आज वाटतं, तेव्हा नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं. अगदी तक्रार म्हणून सांगितलं असतं तरी.

अडीच वाजता जाऊबाई उठल्या. त्या चांगल्या वक्त्या नव्हत्या. आवाज शेवटच्या शब्दावर खाली पडायचा आणि आकडे फार. किती कारखाने, किती खोल्या, किती दारं, त्यांतली किती बाहेरून बंद. धुराची गोष्ट त्यांनी आजवर कुठल्याच भाषणात सांगितली नव्हती, त्या दिवशीही सांगितली नाही. मास्तर नव्हते म्हणून त्यांचा मुद्दा एका तरुण आमदाराने मांडला, पण त्याला तो नीट येत नव्हता. मी गॅलरीत बसले होते. माझ्या एका बाजूला कारखान्यातली ती मुलगी, पलीकडे तिच्या मैत्रिणी. तिने माझ्या कानात विचारलं, "मावशी किती वाजता जिंकणार?" मी म्हटलं, चारपर्यंत.

चार वाजता आमच्या भागाकडची गाडी सुटते. शुक्रवारी ती गाडी चुकली तर घरी पोचायला शनिवार उजाडतो. चर्चा लांबली. पावणेचारला मी खाली बघितलं तर आमच्या बाकांवरची तीन माणसं नव्हती. प्रतोद दारात उभा राहून फोनवर कोणाला तरी शिव्या देत होता, त्या वर ऐकू येत नव्हत्या पण तोंडावरून कळत होत्या.

मतदानाची घंटा वाजली. तीन मिनिटं वाजते, मग दारं लागतात. बाजूने असलेले उजवीकडच्या दालनात, विरुद्ध असलेले डावीकडे. जाऊबाई आपल्या जागेवर बसून राहिल्या. दोन्हीकडची माणसं त्यांच्या अंगावरून गेली. सगळं सभागृह रिकामं झालं आणि ज्यांचं विधेयक त्या बाई एकट्याच मध्ये बसलेल्या दिसल्या, समोर दीड पान, त्यावर चष्मा. मुलीने मला विचारलं, "मावशी का नाही जात?" मी तिला जोडीची रीत समजावून सांगितली. तिला ती कळली नाही. तिच्या जागी मी असते तर मलाही कळली नसती.

एक्केचाळीस विरुद्ध एक्केचाळीस.

बरोबरी झाली की अध्यक्ष मत देतात, आणि प्रथा अशी की जे आहे ते तसंच राहू द्यायच्या बाजूने द्यायचं. अध्यक्षांनी दोन वाक्यांत प्रथा सांगितली आणि विधेयक पडलं. पुढचा विषय मासळीबाजारांच्या परवान्यांचा होता.

गॅलरीतल्या सहा जणी उठल्या. मुलगी जिन्यात थांबली आणि मला म्हणाली, "मावशी उठून नुसती त्या दालनात गेली असती तर?" मी म्हटलं, "तर झालं असतं." मी खोटं कशाला बोलू? ती म्हणाली, "बरं," आणि गेली. त्या शनिवारी ती ऑफिसात आली नाही.

रविवारी जाऊबाई मास्तरांना भेटायला निघाल्या. मला बरोबर घेतलं, कारण फळांची पिशवी जड होती. इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर दोन खाटांची खोली. शेजारची खाट रिकामी होती. मास्तर उशीला टेकून बसले होते, चेहरा ओढलेला, पण केस विंचरलेले. त्यांची मुलगी औषधं आणायला खाली गेली होती. तिची माझी गाठ पडली नाही, याचं मला बरं वाटलं. मी मनातून मास्तरांवर अजून फुरंगटलेलीच होते.

इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मास्तर म्हणाले, "एका मताने गेलं म्हणे."

"हो."

"गुरुवारी मुलीकडून शुक्रवारची कामकाजाची यादी वाचून घेतली. तुमचं नाव आलं. म्हटलं, विधेयकही वाच बाई, पडल्या पडल्या दुसरा उद्योग काय?" ते थांबले, श्वास घेतला. "किल्लीबाई, अकरा वर्षं मी त्याला विरोध केला. वाचलं त्या दिवशी पहिल्यांदा. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत तिला."

जाऊबाई हसल्या. "आणि?"

"आणि काय? त्यात विरोध करण्यासारखं आहे काय? दार आतून उघडलं पाहिजे, एवढंच तर आहे. मी बरा असतो तर उठून तुमच्या बाजूने मत दिलं असतं. पक्षाने काय करायचं ते केलं असतं या वयात. मग म्हटलं, मी तुमच्या बाजूचा झालो तर जोडी कसली राहिली? म्हणून तर फोन केला. तुम्हाला मोकळं केलंय, जा आणि मत द्या, असं सांगायला."

हातातलं फळ मी पिशवीत ठेवलं की खाली, ते आठवत नाही.

"तुमच्या ऑफिसातून उत्तर आलं," मास्तर म्हणाले, "बाई शब्द मोडत नाहीत, विधेयक स्वतःचं असलं तरी. निरोप पोचला होता ना तुमच्यापर्यंत?"

मी तोंड उघडलं. जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि तिथे घट्ट बसला.

"पोचला होता," त्या म्हणाल्या. "मीच तसं सांगायला सांगितलं."

मास्तरांनी उशीवरून डोकं उचललं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी सोडलंय हे माहीत होतं, मी तुमच्या बाजूने आहे हे माहीत होतं, आणि तरी तुम्ही जागेवर बसून राहिलात."

"हो, मास्तर."

"मला वाटत होतं, ही बाई त्या बायकांसाठी भांडते." आवाज त्यांचा वर्गातला होता, बारीक पण शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "तुम्ही स्वतःच्या नावासाठी भांडत होतात. मी इतका आजारी नसतो तर तुम्हाला बाकावर उभं केलं असतं."

"असेल तसं," जाऊबाई म्हणाल्या. "गोळ्यांची वेळ झाली तुमची." मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं. आम्ही निघालो.

खाली येईपर्यंत मला रडू आवरेना. औषधांच्या दुकानाशेजारी एक बाकडं होतं, तिथे मी बसलेच. काय झालं होतं ते सगळं सांगितलं. मास्तरांच्या मुलीचा फोन, मी काय बोलले, तिला मध्येच कसं तोडलं, पाणी कसं प्यायले, तेही. जाऊबाई उभ्याच होत्या.

"तुम्ही का खोटं बोललात? मी सांगितलं असतं ना, माझी चूक म्हणून!"

"काय सांगितलं असतंस? माझ्या डोक्यात राग गेला आणि मी फोन आपटला? ऑफिस माझं आहे. ऑफिसातून जे उत्तर जातं ते माझंच उत्तर असतं. इतकी वर्षं तुला तेच तर शिकवते आहे."

"पण ते आता सगळीकडे सांगतील."

"सांगतील. मास्तर आहेत, सांगितल्याशिवाय राहवणार नाही." मग म्हणाल्या, "मला तुझा फार राग आलाय. फार म्हणजे फार. आत्ता काही बोलत नाही, कारण बोलले तर एका घरात राहता येणार नाही. चल, बस येईल."

पुढचे दोन दिवस त्या भाजीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. जाड चिरली तरी नाही, मुद्दाम जाड चिरली तरी नाही. राग किती होता ते मला त्यावरून कळलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "हे काय, लाकडं फोडलीस का?" आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून पुन्हा रडले. त्यानंतर त्या शुक्रवारचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

मास्तर बरे होऊन सभागृहात आले आणि त्यांनी सांगितलं. वाईट हेतूने नाही. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की ते माणूस बघून थांबत नसत. चहाच्या टेबलावरून ते वर्तमानपत्रात गेलं, वर्तमानपत्रातून आमच्या भागात. कोणी म्हणालं, मिजास. कोणी म्हणालं, मालकांनी तिचे हात ओले केले असतील. जाऊबाईंनी पुढच्या अधिवेशनात तेच दीड पान पुन्हा दाखल केलं. चिठ्ठी निघाली नाही. मास्तर चहाला दुसऱ्या टेबलावर बसू लागले आणि गोळ्या विसरू लागले.

निवडणूक आली तेव्हा प्रतोद घरी आला. या वेळी जिना त्याने सावकाश चढला. "बाई, मी तुमच्यासाठी भांडलो," तो म्हणाला. "पण बायकांत तुमचं नाव राहिलेलं नाही. कारखान्याच्या गल्लीत आपलं पत्रकसुद्धा कोणी घेत नाही."

"खरं आहे," जाऊबाई म्हणाल्या आणि त्याला चहा दिला.

तो गेल्यावर मी हट्टाला पेटले. म्हटलं, आता मी मास्तरांकडे जाते, वर्तमानपत्राकडे जाते, ज्याच्याकडे म्हणाल त्याच्याकडे जाते.

"आता?" त्या म्हणाल्या. "दीड वर्षाने? तिकीट गेल्याच्या दिवशी? मास्तरांना मी एकदा तोंडावर सांगितलंय. आता तू उलटं सांगितलंस तर लोक म्हणतील, दोघी बसून गोष्ट रचतायत. होतं ते नावही जाईल." त्यांनी कपबशा उचलल्या. "सोड आता."

मला राजकारण कळत नाही, पण त्यांचं बरोबर होतं हे कळलं. तरी मला राहवेना. मास्तर नकोत, वर्तमानपत्र नको, पण निदान एकीला तरी कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले. सहा वाजता सुट्टी होते. लोखंडी जिना, वर एक चिंचोळा सज्जा, आणि दार. मी सज्ज्यात जाऊन उभी राहिले. आतून मशीनचा आवाज एकेक करून बंद होत गेला, मग बायकांच्या बोलण्याचा आवाज दारापाशी आला आणि तिथेच थांबला. रखवालदार खालून सावकाश वर आला, पट्ट्याला लावलेल्या जुडग्यातून किल्ली शोधली, एक चुकली, दुसरी लागली. दार उघडल्यावर आतली गरम हवा अंगावर आली.

ती चौथी की पाचवी बाहेर आली. दीड वर्षात बारीक झाली होती. मी तिचा दंड धरला, बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. न रडता सांगितलं, ठरवूनच गेले होते. फोन मी घेतला, उत्तर मी दिलं, तुझ्या मावशीला काही माहीत नव्हतं. मला वाचवायला तिने ते आपल्यावर घेतलं. तिला माहीत असतं तर ती उठून गेली असती, सगळ्यांच्या पुढे गेली असती.

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या तोंडाकडे बघत होती. एकदा वाटलं, तिचे डोळे भरले.

"तुम्ही त्यांच्या जाऊ ना," ती म्हणाली. "तुम्ही असंच सांगणार."

"अगं, खरं सांगते मी तुला."

"हो," ती म्हणाली. खालून तिच्या मैत्रिणींनी हाक मारली तशी तिने आपला दंड हळूच सोडवून घेतला आणि जिना उतरून गेली. मागच्या बायका येत होत्या, त्यांना वाट द्यायला मी भिंतीला चिकटून उभी राहिले. शेवटची बाहेर आल्यावर रखवालदाराने आत डोकावून पाहिलं, दार ओढून घेतलं आणि मला विचारलं, तुम्ही कोण, कोणाकडे आला होतात. मी म्हटलं, कोणाकडे नाही, आणि उतरायला लागले.